सगळं एकाच टोपलीत

“खिडकी उघडा कुणीतरी. मासळी आली.”

सर मान वर न करता म्हणाले. रत्नागिरीतलं आमचं कॉलेज, संगणकाची लॅब, सगळी पोरं हसली. सकाळी आईबरोबर बंदरावर मासे निवडून, स्वच्छ आंघोळ करून आले होते मी. तरी ओढणी हळूच नाकाशी नेली.

प्रात्यक्षिक परीक्षा होती. ‘आर’ या संगणकाच्या भाषेत एका होडीची माहिती भरायची. होडीचं नाव, रोजची मासळी किलोत, बर्फ होता की नाही. मग किलोंची बेरीज. नापास झाले तर वर्ष जाणार, आणि आमच्यात पोरीचं वर्ष गेलं की शिक्षणच जातं.

घाईत मी सगळं ‘सी’ या आज्ञेत कोंबलं. ती सगळ्यांना एकाच प्रकारचं करून टाकते. आकड्यांचे शब्द झाले. बेरीज मागितली तर लाल अक्षरांत नकार.

सर मागे येऊन उभे राहिले.

“सगळं एकाच टोपलीत? घरची सवय. ऊठ, दुसऱ्याला बसू दे. तुम्हा लोकांना वजनकाटा पुरे.”

मी अर्धी उठलेसुद्धा. उठायची सवयच लागलेली असते. मग डोकं सणकलं. आमच्या घरी एकाच टोपलीत? कोळंबीत एक बांगडा दिसला तर आई हातावर फटका मारते. “गो, असं मिसळलंस तर गिऱ्हाईक परत येल काय?” टोपल्या वेगळ्या, आणि सगळ्या टोपल्या एका हातगाडीवर.

मी परत बसले.

“सर, वेळ संपलेली नाही. मी उठणार नाही. आणि माझ्या घराचं नाव काढू नका.”

कुणी हसलं नाही. ‘सी’ खोडून ‘लिस्ट’ ही आज्ञा लिहिली, हातगाडीसारखी. तिच्यात नाव नाव राहिलं, किलो आकडे राहिले. लिस्टमधून मासळीचे किलो काढायला एकेरी कंस दिला. पुन्हा लाल अक्षरं. नुसती टोपली हाती आली होती, टोपलीची बेरीज कशी होणार? दुहेरी कंस लावला, आतले आकडे मिळाले. बेरीज आली.

सरांनी काठावर पास केलं. माफी मागितली नाही, मीही वाट बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी बंदरावरून थेट लॅबमध्ये गेले, पहिल्या रांगेत बसले. ओढणी हुंगली नाही. ज्याला वास येतो त्याने उठून खिडकी उघडावी. मी उठायची नाही.