बाईंच्या बोटांचं इन्स्पेक्शन

आमच्या बाईंना आजवर कुणी आजारी पाहिलेलं नव्हतं, कारण त्यांच्यासमोर उभं राहायची आजाराची हिंमतच नव्हती. आमच्या बरकतपुऱ्यात डेंगी येऊन गेला, कोरोना येऊन गेला, घराघरात माणसं आडवी झाली. बाई मात्र खिडकीत ताठ उभ्या. ताप त्यांच्या दारापर्यंत आला असेलही, पण "चपला बाहेर काढ, हात धुऊन ये" असं ऐकून तसाच परत गेला असेल. खोटं वाटत असेल तर मला विचारा. मी त्यांचा विद्यार्थी. म्हणजे त्या तसं म्हणत नाहीत, मी म्हणतो. काचिगुड्याच्या मराठी शाळेत त्या हेडबाई होत्या आणि मी चौथीत होतो. पुढच्या वर्षीही चौथीतच होतो. मग बापानं मला शाळेतून काढून इस्त्रीच्या ठेल्यावर उभं केलं, तेव्हा शाळेनं आणि मी दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला. आता बाई ज्या बिल्डिंगीत तळमजल्याला एकट्या राहतात, तिच्याच जिन्याखाली माझा ठेला आहे. म्हणजे मी अजून त्यांच्याच वर्गात आहे. बाक गेला आणि टेबल आलं, एवढंच.

बाई रिटायर होऊन जमाना झाला, पण ते त्यांना कुणी नीट कळवलेलं दिसत नाही. रोज सकाळी सातला त्यांची खिडकी उघडते आणि गल्लीची हजेरी सुरू होते. "यादगिरी!" की वॉचमन झाडू टाकून ताठ, "प्रेजेंट मेडम!" "सलीम!" की दूधवाला गाडी न थांबवता ओरडतो, "हाजिर हूँ टीचरअम्मा!" मग शेवटी "मारुती!" तो मी. मला मारुती कुणीच म्हणत नाही. घरी मी मारत्या, गिऱ्हाइकांना मी "ओ इस्त्री". बाई तेवढं पूर्ण नाव घेतात, त्यामुळे दिवसातून एकदा मला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, आणि लगेच "कॉलर उलटी आहे" हे ऐकून ते वाटणं जातं. दुसऱ्यांचे शर्ट मी चाकूसारखे करून देतो, स्वतःचा मात्र माझ्या हाताला लागत नाही.

बाराही महिने त्यांच्या हातात छत्री असते. ती पावसाउन्हासाठी नाही, पाट्या दाखवायला. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्ही भाषांतल्या चुका त्या सारख्याच मायेनं काढतात. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पाटीतली चूक त्यांनी इतके दिवस सांगितली की बेकरीवाल्यानं शेवटी पाटीच उतरवली. "अब नाम इच नक्को टीचरअम्मा," तो म्हणाला, "बिस्किटां को सब पहचानते." माझ्या इस्त्रीलाही बाई मार्क देतात. नारायणपेठ साडीच्या काठावरून बोट फिरवायचं आणि निकाल सांगायचा. एकदा मला दहापैकी सहा मिळाले. त्या आनंदात मी घरी मिठाई नेली, तर बायको घाबरून म्हणाली, "कुणाच्या साडीला भोक पाडलं आज?"

अशा बाईंची खिडकी एके दिवशी उघडलीच नाही. सात वाजून गेले. यादगिरी झाडू हातात धरून उभा. सलीम दोन बिल्डिंगा पुढे जाऊन परत आला आणि म्हणाला, "क्या भाई, आज छुट्टी है क्या?" मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "थांब." मग कडी सरकल्याचा आवाज आला, थांबला, परत आला, परत थांबला. माझी इस्त्री गार व्हायला आली तेव्हा कुठं दार उघडलं. बाई नेहमीसारख्या ताठ, पण दोन्ही हात पाठीमागे, छडी खायची नसली की आम्ही धरायचो तसे. "कडी गंजली आहे," त्या म्हणाल्या. मी तेल आणून घातलं. दुसऱ्या दिवशीही कडी गंजलेली. कडी पितळेची होती. पितळ गंजत नाही, हे माझ्यासारख्या चौथी नापासालाही ठाऊक होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

शेवटी गल्लीतल्या डॉक्टरनं रक्त तपासून संधिवात आहे असं सांगितलं आणि नामपल्लीकडच्या एका दवाखान्यात या दुखण्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे जा म्हणून लिहून दिलं. त्या डॉक्टरांना जो इंग्रजी शब्द आहे तो मला अजून एका दमात आलेला नाही, म्हणून मी त्यांना सांधेवाल्या म्हणतो. पुण्याहून बाईंच्या मुलाचा फोन आला. चांगला आहे मुलगा, आईवर जीव आहे त्याचा. तो म्हणाला, "आई, ते डॉक्टर काय म्हणतात बघू. हात कामातून जात असतील तर एकटं राहायचं नाही. इकडं यायचं." बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "पुण्यात मी काय करू? तिथे सगळेच एकमेकांच्या चुका काढतात. मला काम उरणार नाही." हे म्हणताना त्या हसल्या नाहीत. मीच हसलो, आणि मग मलाच कसंतरी झालं.

आता इथं शाळेचं सांगायला पाहिजे. आमच्या शाळेत दर साली पोरं कमी व्हायची आणि दर साली इन्स्पेक्टर यायचा. त्याला शाळा पसंत पडली नाही तर शाळा बंद. म्हणून आधी आठ दिवस बाई जीव काढायच्या. भिंतींना चुना, फळ्याला काळा रंग, हुशार पोरं पहिल्या बाकावर, बरी पोरं दुसऱ्यावर. आणि इन्स्पेक्टरची रिक्षा फाटकाशी आली की बाई म्हणायच्या, "मारुती, जा, मडक्यात पाणी भरून आण." मी मडकं उचलायचो. ते काठोकाठ भरलेलं असायचं. मी ते तसंच नळापर्यंत न्यायचो, चिंचेखाली बसायचो, आणि इन्स्पेक्टर गेला की पुन्हा तसंच आणून ठेवायचो. शाळा दर वर्षी पास व्हायची. त्यात माझा हात होता असं मी अजून लोकांना सांगतो.

सांधेवाल्या डॉक्टरीणबाईंच्या तारखेची तयारी बाईंनी अगदी तशीच काढली. वेळ घेतली ती दुपारची. "सकाळी बोटं झोपेत असतात," त्या म्हणाल्या, "वर्ग दुपारी दाखवायचा." रोज गरम पाण्यात हात, मग तीळतेल, मग ओला पंचा पिळायची कवायत. शेंगदाण्याएवढी सही काढायचा सराव. बाटलीचं झाकण उघडायचा सराव, त्यात मी हळूच सगळी झाकणं आधी सैल करून ठेवायचो. त्या नादात लोणच्याची बरणी उचलली तर झाकण माझ्या हातात आणि लोणचं दूध ओतायला वाकलेल्या सलीमच्या डोक्यावर. "नमाज के लिए वजू करके आया था मैं," एवढंच तो म्हणाला बिचारा.

सरावात डॉक्टर मीच व्हायचो. मी खुर्चीत बसून म्हणालो, "आ करा."

"तो दातांचा," बाई म्हणाल्या. "नीट विचार."

"कित्ती दुखतं अम्मा?"

"क्वचित."

"बाई, काल कपबशी धरताना..."

"मारुती, तू डॉक्टर आहेस की साक्षीदार? पुढचा प्रश्न."

मलाही वाटायचं, बाई पास व्हाव्यात. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतंच. त्या गेल्या तर मला मारुती कोण म्हणणार?

तारखेच्या दिवशी बाईंनी साडीला दुप्पट खळ घालून घेतली. निघायच्या आधी दुखण्याची गोळी घेतली, तेल लावलं, आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं, जी सगळ्यात सुजलेली, ती पदराखाली घेतली. दवाखान्यात पोचल्या पोचल्या तिथल्या फलकावरची एक चुकलेली वेलांटी त्यांना सापडली, तेवढा वेळ बऱ्या दिसल्या. मग आत बोलावलं.

डॉक्टरीणबाई लहान होत्या, तेलुगू, माझ्या मोठ्या मुलीएवढ्या. बाईंनी डावा हात पुढे केला. मूठ वळली, उघडली. उजव्या हाताची तीन बोटं पुढे करून पेन धरलं, सुरेख सही केली आणि हात परत पदराखाली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, बाईंकडे पाहिलं, परत रिपोर्ट पाहिला. "अम्मा, सुबह उठे तो हाथां अकड़ते क्या?"

"जरासे," बाई म्हणाल्या.

"काम में तकलीफ?"

"क्वचित."

"रिपोर्ट तो बहुत परेशान है अम्मा, और आप इत्ते अच्छे!"

बाई हसल्या. खोटं बोललं किंवा ऐकलं की माझे कान लाल होतात, म्हणून तर आयुष्यात पत्ते कधी जिंकलो नाही. बाईंनी माझे कान पाहिले असणार. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "मारुती, जा, पाणी घेऊन ये."

मी उठलो. खरं सांगतो, विचार केलाच नाही, पाय आपोआप दाराकडे निघाले. दाराच्या मुठीला हात लावला तेव्हा दुसऱ्या हातातल्या बाटलीकडे लक्ष गेलं. गळ्यापर्यंत भरलेली होती. खाली मीच भरून आणली होती.

"बाई," मी म्हणालो, "भरलेलं आहे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "क्या हुआ?" आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी टेबलाशी परत येऊन बोलतच सुटलो. "डॉक्टरसाब, ये सुबह खिड़की नहीं खोल सकते. कड़ी सरकती इच नहीं इनसे. हमारी पूरी गल्ली गैरहाजिर पड़ी रहती. कप दोनों हथेलियों से पकड़ते. झाकण मैं ढीले करता. ये इनका कसूर नहीं, मेरा है, मैं पहले से इच फेल हूँ."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. मी सवयीनं उजवा हात टेबलावर पुढे केला, तळवा वर. या वयात, दवाखान्यात, परक्या बाईसमोर. त्या माझ्या तळव्याकडे बघत राहिल्या. त्याच्यावर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग आहेत. मग त्यांनी हळूच पदराखालून आपला हात काढला आणि माझ्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. दोन्ही बोटं लाल, गाठीवर फुगलेली, वळायला लागलेली.

"ही दोघं मागच्या बाकावरची," बाई मराठीत म्हणाल्या. "मी यांना बाहेर पाठवलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी अर्थ सांगेन म्हणून. मी त्या दोन बोटांकडेच बघत होतो.

पण त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी ती बोटं अलगद हातात घेतली, एकेक पेर दाबून पाहिलं. म्हणाल्या, "अम्मा, मेरे पास पास-फेल नहीं रहता. जो सबसे खराब है, वोइच पहले दिखाना." औषध लिहिलं, सारखं रक्त तपासायला यायचं सांगितलं. असंच लपवत राहिला असतात तर बोटं वाकडीच राहिली असती, म्हणाल्या. आता उपाय सुरू केला तर वेळ लागेल, पण बराच फरक पडेल. मुलाचा फोन आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्वतः त्याला समजावलं. तो म्हणाला, बरं, पुढच्या तपासणीपर्यंत थांबतो, मग बघू.

परतताना रिक्षात बसलो. नामपल्ली स्टेशन मागे पडलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मारुती, ते मडकं भरलेलं असायचं, हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी, बाई."

"मग जात का होतास?"

"तुम्ही सांगितलं म्हणून. आणि नळाजवळ चिंच होती."

त्या हसल्या नाहीत. "तुझा एक तरी धडा पाठ होता का तेव्हा?"

"नाही बाई."

"मग ठीक आहे." जरा वेळानं, बाहेर बघत, "नाही. ठीक नव्हतं ते."

मी म्हणालो, "चिंचा छान होत्या बाई."

आता रात्री बाई खिडकीची कडी लावतच नाहीत. सातला मी बाहेरून ढकलून उघडतो. काही दिवस चांगले जातात, काही नाही. मुलानं मागे आणून दिलेली मोठी बॅग पलंगाखाली आहे, तिच्याकडे आम्ही दोघंही बघत नाही. पुढची तपासणी व्हायची आहे. हजेरीत मात्र एक बदल झाला, आता पहिलं नाव माझं घेतात. "मारुती!" मी "हजर बाई!" म्हणतो आणि कॉलर चाचपतो. आज बोटं कशी आहेत हे विचारायला लागत नाही. बाई दोन्ही हात खिडकीच्या गजांवर ठेवून उभ्या असतात, पदराबाहेर, साऱ्या गल्लीला दिसतील असे.