नानांची तिसरी बंदूक

आमचे नाना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत. "चहा टाक सूनबाई, चहा टाक." "मी म्हणलं हुतं, मी म्हणलं हुतं." त्यांच्याकडे दोन नळ्यांची बंदूक होती, म्हणून गाव त्यांना डबलबार नाना म्हणतं, असा त्यांचा समज होता. गावाचं स्पष्टीकरण वेगळं होतं. पहिला बार कोणी मनावर घेत नाही म्हणून नाना दुसरा टाकतात, असं गाव म्हणे.

ते माझे चुलत सासरे. संगमनेरपासून थोडं आत, प्रवरेच्या कडेला आमची वस्ती. मधे उसाचं एक रान, अलीकडे आमचं घर, पलीकडे नाना-नानींचं. मला मराठी टायपिंग येत होतं आणि घरात संगणक होता, या दोन गुन्ह्यांबद्दल नानांनी मला त्यांच्या संघटनेची चिटणीस केलं. संघटना तालुक्यातल्या शस्त्र परवानाधारकांची. माझ्याकडे ना शस्त्र, ना परवाना. कोणाला तरी गोळी घालावी असं मला फक्त संघटनेच्या बैठकीत वाटायचं.

नानांकडे हत्यारं तीन, परवाना एक. डबल बार उसातल्या बिबट्यांसाठी होती. रिव्हॉल्व्हर स्वसंरक्षणासाठी, असं कागदावर होतं. नानांवर हल्ला करावा असं कोणाला वाटल्याचं ऐकिवात नाही. शेजारच्या गावच्या माजी सरपंचाने घेतलं म्हणून यांनी घेतलं. ते कमरेला लागायचं ते लग्नात, तेही सदऱ्याचं टोक वर राहील अशा बेताने. तिसरी त्यांच्या वडिलांची ठासणीची बंदूक. नळीतून दारू भरायची, गजाने ठासायची, मग छर्रे घालायचे. एवढं होईपर्यंत समोरचं जनावर अकोले तालुक्यात पोचलेलं असणार. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचं रान थोरल्याला गेलं. नानांच्या वाट्याला खडकाळ पट्टी आली आणि ही बंदूक. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगणारे नाना याबद्दल एकदाही बोलत नसत. दर आठवड्याला शिलाई मशीनचं तेल आणि जुन्या धोतराचा तुकडा घेऊन ते ओट्यावर बसत आणि तिला पुसत. त्या वेळी ते कोणाशीच बोलत नसत, म्हणून नानींना तो वार फार आवडे.

बिबट्या आला तो दिवस संघटना निघण्याच्या आधीचा, तरी तिच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. दिवेलागणीला तो सरळ उसातून निघाला आणि नानांच्या गोठ्यासमोरच्या हौदावर पाणी प्यायला लागला. नाना आत धावले. डबल बार कपाटात, कपाटाची किल्ली नानींच्या कमरेला, आणि नानी बचत गटाच्या बैठकीला आमच्या ओसरीवर. नानांनी घरातून हाका मारल्या, नेहमीप्रमाणे दोन-दोन. नानी उसाला वळसा घालून पोचल्या, तोवर बिबट्या पाणी पिऊन, शेपूट झटकून, आला तसा गेला होता. दुसऱ्या दिवशी वनखात्याचे कर्मचारी ठसे बघायला आले. ते म्हणाले, बरं झालं नाना, गोळी लागली असती तर बिबट्याचा पंचनामा आणि तुम्हाला अटक, दोन्ही आम्हालाच करावं लागलं असतं.

"मी कुठं मारनार हुतो?" नाना म्हणाले. "मी दाखवनार हुतो. बंदूक दाखवायची असती."

बंदुकीबद्दल इतकं खरं वाक्य मी संघटनेच्या एकाही सभेत ऐकलं नाही.

तशी ही हत्यारं नानांच्या घरी पाहुणीच असत. निवडणूक लागली की परवानाधारकाने शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचं, आणि आमच्याकडे कसली ना कसली निवडणूक कायम लागलेली. जमा करणं, सोडवून आणणं, परत जमा करणं, यात नानांची ठाण्यातल्या हवालदारांशी इतकी ओळख झाली की नानींच्या हातचं लोणचं ठाण्यात जायला लागलं.

आणि मग दिल्लीत कायदा बदलायची हालचाल सुरू झाली. एका परवान्यावर तीन शस्त्रं चालत होती, त्याऐवजी एकच ठेवायचं, अशी बातमी आली. नानांनी वर्तमानपत्र घेऊन उसाचं रान आडवं कापलं आणि माझ्या ओट्यावर येऊन सांगितलं की संघटना काढायची, संघटना काढायची. आठवडाभरात एक पेट्रोल पंपवाले, एक दातांचे डॉक्टर, साखर कारखान्याचे एक माजी संचालक आणि बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहणारे एक निवृत्त फौजी, एवढी सेना उभी राहिली. यातल्या फौजींकडे एकच बंदूक होती आणि त्यांचं काहीच जाणार नव्हतं. ते चहासाठी येत आणि तसं प्रामाणिकपणे सांगत.

मी कामांची यादी केली. पहिलं, मागणी नेमकी काय ते ठरवणं. दुसरं, हा कायदा कोणाच्या हातात आहे ते बघणं. तिसरं, निवेदन. नानांच्या यादीत पहिलं लेटरहेड होतं. ते स्वतः संगमनेरला गेले, छापखान्यात मजकूर तोंडी सांगितला आणि भला मोठा गठ्ठा छापून घेऊन आले. वर ठळक अक्षरांत होतं: ‘शास्त्र परवानाधारक संघटना’.

शस्त्राला काना लागला होता. मी दाखवला. नाना म्हणाले, छापलं ते छापलं, आता एवढा कागद काय बंबात घालायचा? वाचणाऱ्याला समजतं. शेवटी असं ठरलं की प्रत्येक पत्रावरचा काना मी पेनाने खोडायचा. पुढचे कित्येक महिने आमच्या संघटनेचं मुख्य कार्य हेच होतं.

निवेदनात तीन शस्त्रांची तीन कारणं लिहायची होती. डबल बारचं कारण पीक आणि जनावरं. रिव्हॉल्व्हरचं स्वसंरक्षण. तिसरीपाशी आम्ही अडलो. मी म्हटलं, खरं आहे ते लिहू, वडिलांची आठवण आहे. नाना खुर्चीतून उठले.

"सरकारला माझ्या बापाचं काय करायचंय? रानडुक्कर लिही."

मी रानडुक्कर लिहिलं. ठासणीच्या बंदुकीने रानडुक्कर मारायचं तर ते डुक्कर फार समजूतदार असावं लागेल, पण मी चिटणीस होते, सल्लागार नव्हते.

आमदारांकडे जाण्याचा दिवस ठरला आणि नाना पहाटेच गठ्ठ्यातली वरची कोरी पत्रं उचलून, डॉक्टरांच्या घरच्या प्रिंटरवर मजकूर छापून घेऊन परस्पर निघाले. काना जागेवरच होता. पुढचं मला फौजींनी सांगितलं. आमदारांच्या स्वीय सहायकाने पत्राचा मथळा वाचला, फेट्यातले नाना आपादमस्तक न्याहाळले आणि अदबीने विचारलं, गुरुजी, आपली पाठशाळा कुठे असते? तोवर आमदार आले. त्यांनी निवेदन न वाचता हातात घेतलं, सगळ्यांना जवळ बोलावून फोटो काढला, आणि ‘बघतो’ म्हणाले. आमच्याकडे निवेदन हे वाचण्यासाठी नसतं, देतानाच्या फोटोसाठी असतं. त्या हिशेबाने काम झालं होतं. केंद्राच्या कायद्यात आमदार काय करणार, हे मी नानांना आधी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, शेवटी सगळे एकमेकांना फोन करतात.

काही आठवड्यांनी मुंबईहून, मंत्रालयातून, उत्तर आलं. संघटनेचं निवेदन उचित कार्यवाहीसाठी सांस्कृतिक कार्य विभागाकडे वर्ग करण्यात आलं आहे. मी ते बैठकीत वाचून दाखवलं. डॉक्टर इतके हसले की त्यांच्या चहात बिस्कीट बुडालं. नानांनी पत्र घेतलं, शिक्का बघितला आणि लॅमिनेशन करून घेतलं.

"नोंद झाली. नोंद तर झाली."

खासदार त्यांना एका लग्नात सापडले. अक्षता पडत असताना नानांनी निवेदन त्यांच्या हातात दिलं. खासदारांना वाटलं आहेर आहे, त्यांनी तो नवरदेवाकडे सरकवला. नवरदेवाने तो करवलीकडे दिला. नानांनी मांडवाबाहेर गाडीपर्यंत पाठलाग करून दुसरी प्रत दिली, आणि या एका बाबतीत त्यांच्या दोनदाच्या सवयीचा उपयोग झाला.

पुढे दिल्लीत एकाऐवजी दोन शस्त्रांवर तडजोड झाली. देशभरातल्या बंदूकवाल्यांनी आरडाओरडा केला होता, राजेरजवाड्यांपासून नेमबाजांपर्यंत. नानांच्या मते मात्र हे लग्नातल्या निवेदनाने घडलं. संघटनेने त्यांचा सत्कार केला. शाल नानांनीच आणली होती, नारळ मी.

सत्कार उरकला, सगळे गेले, आणि नाना शाल खांद्यावर तशीच ठेवून बसून राहिले. दोन म्हणजे तिनातली एक जाणार, हे त्यांना आता उमगत होतं. नानी कप उचलत म्हणाल्या, "बिबट्याला डबल, लग्नाला ते कमरेचं. म्हातारी कशाला लागती, सांगा की."

नानांनी शाल काढून तिची घडी घातली. सांगणार कुठून? आपल्याच निवेदनात त्यांनी गरजा मोजून दाखवल्या होत्या, आणि आमच्या रानात रानडुक्कर फिरकत नव्हतं. मी म्हटलं, रिव्हॉल्व्हर द्या. ते म्हणाले, लोक विचारतील. मी म्हटलं, डबल द्या. ते म्हणाले, बिबट्या. जादा शस्त्र जमा करायच्या मुदतीचे शेवटचे दिवस उरले तेव्हा ते वडिलांची बंदूक धोतरात गुंडाळून ठाण्यात घेऊन गेले. मी बरोबर होते, कारण कागद माझ्याकडे होते.

हवालदारांनी बंदूक नोंदवली, चिठ्ठी बांधली आणि मुद्देमालाच्या खोलीत नेली. ती खोली गळकी होती. भिंतीला ओल दिसत होती. नाना दारात उभे राहिले. हलेनात. हवालदार म्हणाले, झालं नाना, पावती घ्या.

"तिला गंज चढंल," नाना म्हणाले. मग थांबून, आवाज उतरवून: "बापाची हाय ती. मला तेवढीच आली."

आमदाराला, खासदाराला, मंत्रालयाला जे कारण कधी कळवलं नव्हतं ते त्यांनी ठाण्यातल्या एका हवालदाराला सांगितलं, आणि एकदाच सांगितलं. हवालदारांनी पावती फाडून त्यांच्या हातात दिली. मग म्हणाले, "बाजाराच्या दिवशी दुपारी साहेब नसतात. तेल घेऊन या. माझ्यासमोर पुसायची, बाहेर न्यायची न्हाई."

अशा रीतीने आमच्या संघटनेला तिचं एकमेव यश मिळालं. कायद्यात सुधारणा झाली नाही, हवालदारात झाली. नाना दर बाजाराला भाजीच्या पिशवीत तेलाची बाटली घालून जात, मुद्देमालाच्या खोलीत एका जप्त मोटारसायकलवर बसून बंदूक पुसत आणि मेथीची जुडी घेऊन परत येत. संघटना हळूहळू मिटली. डॉक्टरांनी आपलं एक शस्त्र विकून टाकलं, संचालकांनी पक्ष बदलला, आणि काना असलेल्या कागदांच्या पाठीमागे आमच्या मुलांनी गणितं सोडवली. नानांनी तक्रार केली नाही. त्यांना सरकारदरबारी बाजू घेणारी लॉबी मिळाली होती. तिच्यात एकच माणूस होता, पण तो भेटत होता.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. काविळीचं निमित्त झालं. दवाखान्यात त्यांनी मला सांगितलं की हवालदाराला निरोप दे, या बाजाराला जमायचं नाही. दुसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि खोकला आला.

परवानाधारक गेला की सगळी शस्त्रं जमा करावी लागतात. ती घ्यायला वारस लागतो. मुलगा पुण्यात, तो म्हणाला, सोसायटीत बंदूक कुठे ठेवू, आणि कशासाठी? म्हणून डबल बार आणि रिव्हॉल्व्हर घेऊन नानी आणि मी ठाण्यात गेलो. हवालदारांनी आतून तिसरी आणली आणि तिन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. घरच्या दोन्हींवर धूळ होती. ठासणीची चकचकत होती.

नानींनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, आता हिचं काय. हवालदार म्हणाले, वरून आदेश आला की जिल्ह्याला जाईल, मग तिथून पुढे.

"तवर तेल?"

"मी लावतोय, आजी. लावलंय काल."

मग त्यांनी रजिस्टर ओढलं आणि रकाने भरायला घेतले. नाव, परवाना, नळी, नंबर. एका रकान्यापाशी थांबून त्यांनी पेन वर केलं आणि विचारलं, यातली कुठली शेवटची केव्हा वाजवली होती?

नानींनी पदर सारखा केला.

"यातली एकबी कधी वाजली न्हाई, दादा. वाजायचं ते आमचं मानूस."

 हवालदारांनी रकान्यात ‘निरंक’ असं लिहिलं आणि रजिस्टर सहीसाठी नानींपुढे फिरवलं.