शेवटचं सावधान

शिरूर कासारला माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. म्हणजे आता मिक्सिंग कमी, आणि जुन्या लग्नांच्या कॅसेटी मोबाईलवर घेऊन देणंच जास्त. लोक म्हणतात, इकडचं तिकडं टाकायचं, त्याला काय लागतंय! बसा म्हणावं एकदा इथं.

आई गेली तेव्हा मी रडलो नाही. राख सावडून आलो आणि दुकान उघडलं. दगड झालाय, असं भावकी म्हणाली. म्हणू दे. खरंच काही वाटत नव्हतं. धाकटी बहीण तेव्हा ऊसतोडीला कर्नाटकात होती. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. यंदा टोळी निघायच्या आत तिनं स्वतःच्या लग्नाची कॅसेट माझ्यापुढं ठेवली. "दादा, आईचं मंगलाष्टक मोबाईलात टाकून दे. उसाच्या फडावर ऐकीन. तिचा तेवढाच आवाज ऱ्हायलाय."

नवरीच्या आईनं मंगलाष्टकं ऐकू नयेत, तुळशीला पाणी घालत बसावं, अशी रीत. पण गावातल्या सगळ्या लग्नांत मंगलाष्टकं म्हणायला आमचीच आई, आणि बहीण हटून बसली: आई म्हणणार नसंल तर मी बोहल्यावर उभी ऱ्हात न्हाई! शेवटी आईनं माईक धरला. आत्याचं तोंड त्या कॅसेटीत अजून वाकडं दिसतं.

कॅसेट एकदाच धड चालली. दुसऱ्यांदा लावली तर मशीननं टेप खाल्ली. पहिल्यांदा कॉम्प्युटरवर उतरलं तेवढंच राहिलं, आणि त्यातही घोळ. चित्र मूळच्यापेक्षा जरा संथ उतरलं होतं, आवाज होता तसाच. त्यामुळं आवाज पुढं पळायचा. पहिल्या 'सावधान'ला अक्षता बरोबर उडत होत्या. शेवटच्या 'सावधान'ला लोकांच्या मुठी मिटलेल्याच. आईचे ओठ हलत होते आणि तिचं म्हणणं कधीच संपलेलं.

ते मी पुन्हा पुन्हा बघितलं. दवाखान्यातही शेवटी असंच झालं होतं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि मी नुसता "हो, हो" म्हणत होतो.

लग्नाचा आवाज मी अक्षतांवर जुळवतो. पहिलं 'सावधान' जागेवर पक्कं केलं, शेवटाकडून आवाजाची पट्टी ओढून लांबवली. तर आईचा आवाज बाप्यासारखा घोगरा झाला. हात् तिच्या! लांबी वाढवताना सूर तसाच ठेवायचा असतो, ते कॉम्प्युटरला सांगायचं राहिलं होतं. पुन्हा केलं. शेवटच्या अक्षता 'सावधान'वर पडल्या. बहिणीला बोलावून घेतलं.

ती स्टुलावर बसून पदर तोंडाला लावून बघत होती. मंगलाष्टक संपलं, वाजंत्री सुरू झाली. त्या गलक्यात एक बाई ओरडते, "आरं, पोरीला पाणी द्या कुणीतरी! सकाळधरनं उपाशी हाय ती!" काम करताना हा आवाज मी कितीदा ऐकला होता. तेव्हा पडद्यावर भलतंच काही असायचं, म्हणून मांडवातली कुणी बाई समजून सोडून दिला होता. आता तो नेमका आईच्या ओठांवर आला. माईक ठेवून तीच ओरडत होती.

"खरंच लई तहान लागलती मला," बहीण म्हणाली. मग पडद्याकडं बघतच तिनं विचारलं, "दवाखान्यात शेवटी काय म्हणली आई, दादा?"

हे ती वर्षभर विचारत होती आणि मी टाळत होतो.

"ओठ हलत होते. आवाज न्हाई आला."

तिनं तेवढा तुकडा परत लावायला सांगितला. आई परत ओरडली.

"मग हेच म्हणली आसंल," बहीण म्हणाली. "पोरगी कुठं हाय, जेवली का. दुसरं काय म्हणती ती."

मी उठलो, माठातून तांब्या भरला आणि तिच्यापुढं धरला. दोन घोट पिऊन तिनं तो परत दिला. "तू बी पी."

तांब्या तोंडाला लावला, आणि घोट खाली उतरायच्या आत मी रडायला लागलो.