हरलेल्या वर्षाचा गोलकीपर

एरंडोलहून सुपडूच्या थोरल्या मुलाचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. "काका, आबा गेले," एवढंच तो म्हणाला. त्याला आता महिना होऊन गेला. एरंडोलमध्ये सुपडूला हेडमास्तर म्हणून ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत. माझ्या डोळ्यांपुढे मात्र येतो तो गोलकीपर सुपडू... आणि तोही एकही सामना न जिंकलेल्या संघाचा.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराला जळगावचं आमचं कॉलेज नवंनवं होतं. फुटबॉलसाठी अकरा मुलं जमवताना कॅप्टनच्या नाकी नऊ आले. मी नशिराबादचा, अंगानं दांडगा, म्हणून मागे फुलबॅक. सुपडू सगळ्यांत उंच, म्हणून गोलात. पहिल्याच सामन्यात आम्ही सात गोल खाल्ले, दुसऱ्यात पाच. चेंडू अगदी जवळ येईपर्यंत सुपडू जागचा हलतच नसे. मुलं त्याला विठोबा म्हणू लागली. दुसऱ्या सामन्यानंतर हौदावर पाय धुताना तो हळूच मला म्हणाला, "मधू, मला चेंडू दिसतच नाही रे."

चष्मा का घेत नाहीस, असं मी विचारलं. त्याच्या वडिलांची समजूत अशी, की पुस्तकांनी डोळे जातात. पोराच्या नाकावर चष्मा दिसला तर दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद आणि हातात वखर, याची सुपडूला खात्री होती. कुणाला सांगणार नाही असं वचन त्यानं माझ्याकडून घेतलं. मग आम्ही ठरवलं, की चेंडू कुठून येतोय ते मी ओरडून सांगायचं. डावीकडे म्हणजे सुपडूच्या डावीकडे. त्यानंतर गोल कमी झाले, तरी हरणं काही चुकलं नाही. कॅप्टन मात्र मला गळा आवरायला सांगून थकला.

शेवटचा सामना धुळ्याला, पांझरेच्या काठी होता. संपायची वेळ झाली तरी कुणाचाच गोल नव्हता. बरोबरी तरी पदरात पडेल म्हणून आमची मुलं जिवाच्या आकांतानं खेळत होती. एवढ्यात त्यांचा एक जण मला चकवून पुढे गेला. मी त्याच्यामागे गोलाकडे तोंड करून धावलो आणि ओरडलो, "डावीकडे!" ती डावी बाजू माझी होती. सुपडूनं त्याच्या डावीकडे अंग झोकून दिलं, आणि चेंडू उजवीकडून सावकाश आत गेला.

परतीच्या मोटारीत सगळे सुपडूवर तुटून पडले. आंधळ्यानंसुद्धा तो चेंडू अडवला असता, असं एक जण म्हणाला. सुपडू बाहेर बघत राहिला. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं... पण मग ओरडण्याचं कारण सांगावं लागेल, वचन मोडेल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे शिव्या त्याच्या वाट्याला जात होत्या, हे मला सोयीचं होतं.

पुढे मास्तर झाल्यावर पहिल्या पगारातून त्यानं चष्मा घेतला आणि तडक नशिराबादला आला. माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "तुझ्या नाकावर तीळ शे, हे कधी बोलला नाहीस." त्याच्या वडिलांनी नंतर चष्मा बघून एवढंच विचारलं म्हणे, की इतके दिवस सांगितलं का नाहीस.

गेल्या दिवाळीत मी एरंडोलला गेलो. चहा पिता पिता एकदाचं बोलून टाकलं, की धुळ्याचा तो गोल माझ्यामुळे झाला.

"ठाऊक शे," सुपडू म्हणाला. "तो चेंडू हळू आला होता, मधू. मला दिसला होता. उजवीकडेच चालला होता."

"मग तू डावीकडे का गेलास?"

"तू म्हणालास ना."

त्यानंच मग यंदाच्या कपाशीचा विषय काढला.

निघालो तेव्हा तो काठी टेकत फाटकापर्यंत आला. मोतीबिंदू वाढला होता; दहा पावलांपलीकडचं माणूस त्याला ओळखू येत नसे. रिक्षा सुटल्यावर मी मागे वळून हात हलवला. तो भलत्याच दिशेला बघत हात हलवत होता. मी मोठ्यानं म्हणालो, "येतो रे, सुपडू!" तशी त्यानं माझ्याकडे मान वळवली, आणि वळण येईपर्यंत त्याचा हात हलत होता.