बंद कूलर

नागपुरात भर मे महिन्यात आपल्या हाताने कूलर बंद करणारी बाई मी एकच पाहिली. आमच्या शेजारच्या खोलीतल्या काकू. नवरा केव्हाच वारलेला, एकुलता एक मुलगा विनोद फौजेत, म्हणून सगळी गल्ली त्यांना ‘फौजीची आई’ म्हणायची. विनोदच्या फोनची वेळ झाली की काकू कूलरचं बटण बंद करायच्या आणि पदराने घाम पुसत बसायच्या.

“काकू, फोन तर हातातच आहे न तुमच्या,” मी एकदा म्हटलं.

“हाताले काय समजते वं? कूलरच्या खडखडीत त्याचा अर्धा आवाज वायाच जाते.”

त्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली आणि विनोदचा फोन बंद झाला. माझी दहावीची परीक्षा झालेली, रिकामपण भरपूर, त्यामुळे मी दिवसभर बातम्या बघायची आणि कुठे काय झालं ते मैत्रिणींना ऐटीत सांगायची. काकूंचा टीव्ही मात्र बंद. मी काही सांगायला गेले की म्हणायच्या, “टीव्हीवाल्याइले माह्या पोराचं नाव तरी मालूम हाये काय?”

शनिवारी संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली आणि आमची गल्ली पिसाळली. ढोल आला, फटाके आले. पोरं ओरडायला लागली, “लढाई घेऊन जा गे मारबत!” मारबत निघते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रोगराई नि इडापिडा गावाबाहेर न्यायला. मे महिन्यात तिचं काय काम? पण नागपूरकराला एखादी नकोशी गोष्ट हाकलायची दुसरी रीत ठाऊक नाही. घसा बसेपर्यंत मीही ओरडले. केसांत गुलाल, पायात चप्पल नाही. काहीतरी फार मोठं घडलंय आणि मी त्यात आहे, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

त्याच भरात जिलबीची बशी घेऊन काकूंकडे गेले. खोलीची नुसती भट्टी झाली होती. कूलर बंद, काकू खाटेवर, मांडीवर फोन.

“काकू, संपली लढाई! चला न बाहेर!”

“कोणं सांगतलं?”

“अहो, सगळीकडे तेच सांगून राहिले.”

“विनोद सांगन तवा संपली. बस तू. अन् त्या पोराइले म्हण, जरा दमानं.”

पोरांना सांगायला मी गेले नाही. तिथेच बसले. बाहेर मैत्रिणी माझ्या नावाने हाका मारत होत्या. मला जावंसंही वाटेना नि बसवेही ना. इतक्या गोंगाटात इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. जिलबी बशीतच राहिली.

रविवारीही कूलर बंद. सोमवारी सकाळी मी पुन्हा त्यांच्याकडे बसले असताना फोन वाजला. सून बोलत होती. ती पहिल्या बाळंतपणासाठी कळमेश्वरला माहेरी गेलेली. खोलीत इतकी शांतता, की तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. “आई, शनिवारीच फोन आला यांचा, बरे हायेत. दोनच मिनिटं बोलू देत होते म्हणे. तुम्हाले बी आलाच असन न?”

सुनेला वाटलं, आईला आधीच केला असेल. विनोदला वाटलं, बायको सांगेलच.

काकू म्हणाल्या, “हो न. आला न. तू जप पोरी.”

फोन ठेवून त्या उठल्या आणि त्यांनी कूलर सुरू केला. “बरा हाये,” माझ्याकडे पाठ करून त्या म्हणाल्या. “पोटुशी बायको हाये, तिलेच करन न पहिले. बरोबरच केलं त्यानं.” त्यानंतर त्या रडल्या असतील तर कूलरच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

आता विनोद बायको-मुलीसह दूरच्या क्वार्टरमध्ये राहतो. काकू त्याच खोलीत आहेत. मी पुण्याला हॉस्टेलवर असते. इथे अजून कोणाशी फारसं जमलेलं नाही. रविवारची दुपार अंगावर येते, तेव्हा मी काकूंना फोन लावते. आधी नुसती खडखड ऐकू येते.

“थांब वं,” काकू म्हणतात.

खटका वाजतो. खडखड थांबते.

“हं. बोल आता.”