सकाळी सातचा आकडा

साखरेचा आजार निघाल्यावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, द्राक्षं सोडली. सायखेड्याला स्वतःची बाग असलेल्या माणसानं द्राक्षं सोडणं म्हणजे काय, हे बागवाल्यांनाच कळेल. "आता एक मणी तोंडात घालणार नाय, शब्द देतो तुला," असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी नोकरीमुळे नाशकात, द्वारका चौकाजवळ राहते. लक्ष ठेवायला म्हणून गेल्या काढणीनंतर मी त्यांना साखर मोजायचं यंत्र घेऊन दिलं, मोबाइलला जोडलेलं. रोज सकाळी सातला, चहाच्या आधी, नानांनी बोट टोचलं की आकडा माझ्या मोबाइलवर उमटायचा. एकशेवीसच्या आत दिसला की माझाही चहा गोड लागायचा.

आठ-नऊ महिने सगळं सुरळीत होतं. मग बाग काढणीला आली आणि एका सकाळी आकडा आला दोनशे चाळीस. दुसऱ्या दिवशी दोनशे साठ. मी लगेच फोन लावला.

"नाना, द्राक्षं खाताय ना?"

"नाय गं बाई. एक मणी खाल्ला नाय."

"मग आकडा काय खोटं बोलतोय?"

चहा निवतोय म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, चोरी पकडली. माझा पारा एकदा चढला की लवकर उतरत नाही. आठवडाभर रोज सकाळी मी त्यांना झापलं. शेवटी सगळे आकडे डॉक्टरांना पाठवले. ते बघून डॉक्टरांनी साखर कमी करायची गोळी वाढवली.

चौथ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. "अगं, हे बागेत खाली बसलेत. घामानं डबडबलेत, हात लय थरथरतोय. साखर उतरली वाटतं. घड तोडून तोंडाशी धरला, तर तोंडच उघडत नाय. तुला शब्द दिलाय म्हणतात."

"स्पीकर लाव!" मी ओरडले. "नाना, खा! मी सांगते ना, खा!"

थोड्या वेळानं आई म्हणाली, "खाल्ले गं, खाल्ले." मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले.

संध्याकाळी गाव गाठलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच नानांच्या मागोमाग बागेत गेले. गोडी भरल्याशिवाय व्यापारी माल उचलत नाही. नाना पूर्वी चाखून सांगायचे, पण शब्द दिल्यापासून त्यांची सगळी भिस्त गोडी मोजायच्या काचेवर. रांगेरांगेतून मणी तोडायचा, दोन बोटांत चिरडायचा, रसाचा थेंब काचेवर टाकून ती काच डोळ्याला लावायची आणि गोडीचा आकडा वाचायचा. असे वीस-पंचवीस मणी झाल्यावर ते घरी आले, खांद्यावरच्या टॉवेलला बोटं पुसली आणि त्यातलंच एक टोचलं. दोनशे एक्कावन्न.

मी त्या बोटांकडे बघत राहिले.

"नाना, साबणानं हात धुवा आणि परत टोचा."

एकशे चौदा.

यंत्र इतके दिवस बोटांवरच्या द्राक्षांचीच साखर मोजत होतं. तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन केला आणि गोळी पुन्हा पहिल्यासारखी झाली. मग मला फार लाज वाटली. मी म्हटलं, "नाना, चुकलं माझं. त्या यंत्रावर विश्वास ठेवला."

नानांनी यंत्र डबीत ठेवलं. "त्याला बोल लावू नको. ते आपलं बोटावर जे हाय तेच सांगणार. तू तर मला लहानपणापासून बघती."

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आता सकाळी सातला, आकडा यायच्या आधी माझा फोन जातो. "हात धुतले का, नाना?"

"धुतले," ते म्हणतात, आणि मी पुढे काही विचारत नाही.