चौधरी मॅडमची तेलकट माती

चौधरी मॅडमच्या पर्समध्ये स्टीलचा एक चपटा डबा असे. मी कॉलेजात त्यांच्या हाताखाली नवीनच लागले होते. मधल्या सुट्टीत त्यांनी तो उघडून माझ्यापुढे केला, तर आत काळीकुट्ट माती! "मेहरूण भागातल्या गॅरेजमागची आहे, वास घे." मी नाक मुरडलं. "नाक काय मुरडतेस? तेल सांडतं तिथेच तेल खाणारे राहतात." सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी ही धरणगावची बाई कुठेही गाडी थांबवून मेकॅनिककडे माती मागायची आणि मी शरमेनं गाडीतच बसून राहायचे.

त्या मातीतले जिवाणू मॅडम प्रयोगशाळेत वाढवत. ते स्वतःच साबणासारखा पदार्थ सोडतात, मातीला चिकटलेल्या तेलाचे बारीक थेंब करतात आणि मग ते खातात. चंबू हलवून मॅडम फेस किती टिकतो ते बघत. तेव्हा कुणी शिंकलं तरी त्यांना खपत नसे.

एरंडोलजवळ डिझेलचा टँकर उलटला आणि भास्करआबा नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात डिझेल शिरलं. वरवरचं उपसून नेलं, पण बरंच मातीत मुरलं होतं आणि शेताच्या उतारालाच गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. ग्रामपंचायतीनं मॅडमना बोलावलं. जिवाणूंचे ड्रम घेऊन आम्ही निघालो.

पोचलो तर आबांनी पंप लावून शेतावर धुण्याच्या पावडरचं पाणी सोडलेलं! उतारावरून फेस वाहत होता आणि त्यावर तेलाचे रंग चमकत होते.

"बंद करा आधी!" मॅडम चिखलातून धावल्या. "आबा, कपडा धुतस तशी माटी धुई राहिनात? घाण कोठे जाई? विहिरीमा!"

आबाही तापले. "तुमना जंतू बी साबनच करतस ना?"

"करतस. पन पोटपुरता करतस, अन् जठे करतस तठेच खातस. तुमनी पावडर नुसती पुढे ढकलस."

पंप बंद झाला. विहिरीच्या अलीकडे माणसांनी घाईघाईनं चर खणला, तर तेलकट पाणी त्यात झिरपायला लागलं. चर तुडुंब भरला असता तर सगळं विहिरीतच गेलं असतं. मॅडम आबांच्या बायकोकडे वळल्या.

"अक्का, घरमा कापूस शे का?"

"शे. भावनी वाट पाही राहिनूत."

"बठ्ठा आना." मॅडमना सगळाच्या सगळा हवा होता.

सरकीसकट कच्चा कापूस पाणी झिडकारतो आणि तेल धरतो, हे मॅडमनी सांगितलं. तरी आबा जागचे हलेनात. भाव चढेल म्हणून छतापर्यंत रचून ठेवलेला कापूस चिखलात कोण घालेल? शेवटी अक्काच घरात गेल्या आणि पहिलं गाठोडं त्यांनी स्वतःच्या हातानं चरात उलटं केलं. मग आबाही धावले. कापूस बघता बघता काळा पडत गेला. तो काढायचा, नवा टाकायचा. मॅडम विहिरीचं पाणी काचेच्या नळीत घेऊन उजेडात धरत होत्या.

तेल विहिरीच्या अलीकडे, चरातच अडलं. पुढे कित्येक महिने आम्ही मातीत शेणखत आणि जिवाणू कालवत होतो. मॅडम हो म्हणेपर्यंत त्या विहिरीचं पाणी गावात कुणीही तोंडाला लावलं नाही. शेवटी त्या हो म्हणाल्या तेव्हा पहिला पेला अक्कांनी त्यांनाच दिला. तरीही दर महिन्याला पाणी तपासायला मॅडम स्वतः जायच्या. "जमिनीतलं तेल कधी हालेल सांगता येत नाही, बाई. एकदा बघून भागत नाही."

पुढच्याच वर्षी आजारानं त्या गेल्या. आबा आणि अक्का एरंडोलहून अंत्यविधीला आले होते. सगळे पांगल्यावर आबा माझ्याजवळ आले.

"विहिरीनं पानी आते कोन तपाशी?"

"मी तपासेन, आबा," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

आबांनी माझी समजूत घातली नाही. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मॅडमच्या शब्दावर अख्खं गाव पाणी पीत होतं. माझ्या शब्दावर प्यावं का, हे त्यांना ठरवायचं होतं.